दरफाळणीच्या दिवशी आलेले पाहुणे

अपरांत विद्यापीठ, मुंबई
दि. १६ ऑगस्ट १९६०

ती. रेबेका आत्यास निसीमचा सविनय शालोम.

पत्राला उशीर झाला. इथे कामाचा व्याप इतका वाढला आहे की पनवेलला बसून त्याची कल्पना यायची नाही. मी आता नुसता भूगोलाचा लेक्चरर राहिलेलो नाही. दोन वर्षांपूर्वी केनियाहून आलेल्या दोन मुलांना चहा पाजायला आम्ही चार प्राध्यापकांनी एक मंडळ काढलं होतं, ते तुला आठवत असेल. त्या मंडळाची आता ‘बहुसांस्कृतिक विद्यार्थी साहाय्य समिती’ झाली आहे. डॉ. वर्तक अध्यक्ष आणि मी चिटणीस. स्वागत, भोजन आणि सण अशा तीन उपसमित्या आहेत, सभासदांना बिल्ले आहेत, आणि तू हातात धरला आहेस तो कागदही समितीचाच आहे. परदेशातून, परप्रांतातून किंवा परधर्मातून आलेल्या विद्यार्थ्याला इथे परकं वाटू नये, हे आमचं ध्येय आहे.

इनॉककाकाच्या जेरुशालाही आम्ही यादीत घेतलं आहे. पण तिला तू थोडं समजाव. गेल्या आठवड्यात आमचं ‘देशोदेशींची गाणी’ हे संमेलन झालं. सिलोनच्या मुलीने नाच केला, नैरोबीच्या मवांगीने टेबलावर ताल धरून गाणं म्हटलं. जेरुशाच्या खांद्यावर आम्ही ‘यहुदी’ अशी पट्टी लावली होती आणि तिला हिब्रू गाणं म्हणायला सांगितलं होतं. तिने पेटी मागवली आणि चक्क मराठी कीर्तन लावलं. योसेफाला त्याचे भाऊ विहिरीत टाकतात ते आख्यान! डॉ. वर्तक माझ्या कानाशी येऊन म्हणाले, “हे तर आपल्यासारखंच आहे. यात बहुसांस्कृतिक काय?” मला फार ओशाळवाणं झालं. पुढच्या खेपेला निदान काहीतरी परदेशी वाटेल असं तिने बसवावं, एवढंच माझं म्हणणं.

गुडघे कसे आहेत?

तुझा,
निसीम


पनवेल
२१ ऑगस्ट १९६०

चि. निसीम यास आशीर्वाद.

पत्र पोचलं. तुला बिल्ला मिळाला हे वाचून आपलं घराणं पावन झालं. तुझा बाप तीस वर्षं पोस्टाचा बिल्ला लावून पनवेल ते गव्हाण पायी हिंडला, पण त्याने ते कधी पत्रातून कुणाला कळवलं नाही. तो अडाणी माणूस होता.

जेरुशाने कीर्तन म्हटलं ते बरंच केलं. हेच आख्यान तुझे आजोबा लावायचे तेव्हा अर्धी आळी ओटीवर जमायची आणि झांजेला तू असायचास. आता परदेशी वाटेल असं आम्ही कुठून आणायचं? पिढ्यान्‌पिढ्या या किनाऱ्यावर तेलाचे घाणे चालवले, शनिवारचे तेवढे बंद ठेवले, म्हणून लोक शनवार तेली म्हणाले. आपलं सगळं परदेशीपण एवढंच आहे. तुझ्या डॉक्टरांना ते कमी पडत असेल तर पोरीला उंटावर बसवून आणायला सांग.

कागद मात्र छान गुळगुळीत आहे. पण वर ‘एन. एम. आपटे, चिटणीस’ असं छापलंय. ‘आपटेकर’मधला ‘कर’ छापखानेवाल्याने खाल्ला. त्याचे पैसे काप.

आता कामाचं. जेरुशाचं रसायनाचं प्रॅक्टिकल आधी शुक्रवारी, तीस सप्टेंबरला होतं. त्या दिवशी दसरा आहे हे कुणाच्या तरी ध्यानात आलं आणि ते शनिवारी, एक ऑक्टोबरला ढकललं. एक ऑक्टोबरला दरफाळणी आहे. तू मोठ्या कामात असतोस, विसरला असशील, म्हणून सांगते. दरफाळणी म्हणजे आपला दारं लावून घेण्याचा सण. आदल्या संध्याकाळी सूर्य मावळताना दार लागतं ते दुसऱ्या दिवशी चांदण्या दिसेपर्यंत. अन्न नाही, पाणी नाही, चूल नाही, बाहेरच्या माणसाशी शब्द नाही. पांढरे कपडे घालून आत बसायचं आणि वर्षभर काय काय केलं ते देवाला सांगायचं. तुला बरंच सांगायचं असेल.

हे प्रॅक्टिकल चुकलं तर पोरीला एप्रिलच्या परीक्षेला बसू देणार नाहीत, म्हणजे वर्ष गेलं. आणि वर्ष गेलं तर काय होणार ते तुला ठाऊक आहे. इनॉक इस्राएलहून दर पत्रात तेच लिहितो: पास होत असेल तर राहू दे, एक वर्ष जरी फुकट गेलं तरी तिकीट पाठवतो, तिला इकडे लावून दे. पोरीला जायचं नाही. तिला इथल्या हायस्कुलात सायन्स शिकवायचं आहे. मी चौतीस वर्षं याच गावात शिकवलं, तेव्हा हा रोग कुठून लागला ते मला माहीत आहे.

तिला म्हटलं, जा आणि ऑफिसात सांग. ती म्हणते, वसतिगृहात नोटीस आहे की असल्या सगळ्या अडचणी समितीमार्फतच मांडायच्या. तिने जुलैतच तुझ्या हातात अर्ज दिलाय म्हणे. दसऱ्यासाठी तारीख हलते, तर दरफाळणीसाठीही हलेल. सगळ्या पोरांची नको, एकीची हलव. तेवढा अर्ज पुढे सरकव.

गुडघे होते तिथेच आहेत.

रेबेका आत्या


अपरांत विद्यापीठ, मुंबई
दि. ३ सप्टेंबर १९६०

ती. आत्यास सविनय शालोम.

जेरुशाचा अर्ज योग्य त्या मार्गाने पुढे गेला आहे. प्रकरण विचाराधीन आहे. विद्यापीठ म्हणजे पनवेलची कन्याशाळा नव्हे, इथे प्रत्येक गोष्टीला रीत असते. तू काळजी करू नकोस.

तरीही वडीलकीच्या नात्याने तिला एक गोष्ट सांगावी असं वाटतं. जग पुढे गेलं आहे. मुंबईत आपले कितीतरी लोक त्या दिवशी कचेरीत जातात, मीही दोन-तीन वर्षं लेक्चर घेतलं आहे. देव काही हजेरीपट घेऊन बसलेला नाही. सकाळी तीन तास प्रॅक्टिकल करून ती दुपारी प्रार्थनेला गेली तर आभाळ कोसळणार नाही. अशा बाबतींत हट्ट धरला की लोक म्हणतात, हे लोक मिसळत नाहीत. आणि आमच्या समितीचं सगळं काम मिसळण्याचं आहे.

लेटरहेडची चूक छापखान्याचीच आहे. पुढच्या खेपेला दुरुस्त होईल.

तुझा,
निसीम


पनवेल
७ सप्टेंबर १९६०

चि. निसीम यास आशीर्वाद.

परधर्माच्या पोराला परकं वाटू नये म्हणून समिती काढायची, आणि पोराने आपला धर्म पाळला की त्याला म्हणायचं मिसळत नाही. शहाण्यांचं असं असतं, आम्हाला कळत नाही.

पोर उपाशी राहणार आहे, हट्ट धरणार नाही. तिला तू सांगायचंस ते मीच सांगून पाहिलं. म्हटलं, निसीमदादाचं म्हणणं आहे की प्रॅक्टिकलला जावं. ती म्हणाली, “आत्या, वर्षातनं एक दिवस तर आपण आपल्या घरात असतो.”

विचाराधीन म्हणजे कुणाच्या विचाराधीन, तेवढं कळव.

रेबेका आत्या


अपरांत विद्यापीठ, मुंबई
दि. १९ सप्टेंबर १९६०

ती. आत्यास सविनय शालोम.

एक आनंदाची बातमी. समितीने यंदापासून ‘घरोघरचे सण’ हा उपक्रम सुरू केला आहे. परदेशी विद्यार्थ्यांना बसने एखाद्या खऱ्याखुऱ्या घरी न्यायचं, त्या घरचा सण दाखवायचा, फराळ करायचा आणि फोटो काढायचा. ईदेला भेंडीबाजारात गेलो होतो, तिथे बिर्याणी होती आणि सगळं फार यशस्वी झालं. आता डॉ. वर्तकांच्या मनात यहुदी घर आलं आहे. त्यांनी ग्रंथालयातला एक जाड ग्रंथ काढून स्वतः शोध लावला की यहुद्यांचा वर्षातला सर्वांत मोठा दिवस यंदा एक ऑक्टोबरला येतो. जेरुशाच्या नावापुढे पनवेलचा पत्ता होता. त्यांनी लगेच टिचकी वाजवली आणि म्हणाले, “ठरलं.”

तुझ्या मनात काय येईल ते मला कळतं. पण नीट विचार कर. जेरुशाचं प्रकरण शेवटी डॉ. वर्तकांच्याच हातात आहे. ते तुझ्या दारी येतायत. त्या दिवशी त्यांचं मन प्रसन्न झालं तर एका सहीचं काम आहे. तुला काही शिजवायला नको, फराळाचे डबे आम्ही घेऊन येऊ. फक्त दार अर्धा तास उघडं ठेव, पांढऱ्या कपड्यांत खुर्चीवर बस आणि चार शब्द बोल. मी तुझ्याशी पाहुण्यासारखाच वागेन, तेव्हा तूही फार घरगुती बोलू नकोस. कार्यक्रम औपचारिक असावा असं त्यांचं मत आहे.

तुझा,
निसीम


पनवेल
२२ सप्टेंबर १९६०

चि. निसीम यास आशीर्वाद. आज नवं वर्ष लागलं, तेव्हा तुला शुभेच्छाही देते. तुला त्यांची गरज आहे.

दार लावून घेण्याच्या सणाला दारात बस आणणारे लोक मी एवढ्या आयुष्यात पाहिले नव्हते. उपासाच्या दिवशी फराळाचे डबे घेऊन येणारे तर नाहीच नाही. त्या ग्रंथात मोठा दिवस कधी ते लिहिलंय, मोठा का ते पुढच्या पानावर असेल. डॉक्टरांनी पान उलटलं नाही. पण त्यांना काय दोष देऊ? त्यांना कुणी सांगितलेलं नाही. तुला तुझ्या आईने सांगितलं होतं. दरफाळणीच्या संध्याकाळी अंगणात गोट्या खेळत राहिलास म्हणून कान धरून तिने तुला आत घेतलं होतं आणि दार लावलं होतं. त्या कानाला अजून ऐकू येत असेल तर ऐक.

तुला फार काही करायचं नाही. डॉक्टरांसमोर उभं राहून एक वाक्य बोलायचं: “साहेब, त्या दिवशी आमची दारं बंद असतात.” बस्स. दुसऱ्या दिवशी आपला शिळा सण आहे, दारं सताड उघडी असतात, खुशाल पन्नास जणांना घेऊन ये. रवा-नारळाच्या पुऱ्या करून ठेवते. डॉक्टरांना दोन जास्त देईन.

मात्र शनिवारी आलात तर दार उघडणार नाही. मुख्यमंत्री आला तरी नाही.

रेबेका आत्या


अपरांत विद्यापीठ, मुंबई
दि. २७ सप्टेंबर १९६०

ती. आत्यास सविनय शालोम.

कार्यक्रम छापून झाला, बस ठरली, कुलगुरूंना निमंत्रण गेलं. दोन तारखेला रविवार आहे आणि गांधीजयंतीही, त्या दिवशी डॉ. वर्तकांची तीन ठिकाणी भाषणं आहेत. आता मी मध्येच उठून काही सांगणं शक्य नाही. विचारतील, तुम्हाला हे आधी कसं सुचलं नाही आणि आत्ता कसं सुचलं?

तू बोलतेस तशी कठोर नाहीस. साहेब स्वतः दारात उभे राहिले की तू नक्की उघडशील, आणि जेरुशाच्या भल्यासाठी तर उघडशीलच. बस साडेदहापर्यंत पोचेल.

घाईत,
निसीम


पनवेल
२ ऑक्टोबर १९६०, रविवार

निसीम,

आशीर्वाद लिहायला हात उचलत नाही, तो पुढच्या पत्री पाहू.

तुम्ही आलात तेव्हा आम्ही दोघी घरातच होतो, हे तुला ठाऊक होतं. आपले बाकी सगळे आदल्या संध्याकाळी दार लागण्याआधीच सिनेगॉगमध्ये जाऊन बसले होते. माझे गुडघे पायऱ्या चढू देत नाहीत, म्हणून जेरुशा माझ्याजवळ थांबली. ती ओटीच्या खोलीत दाराला टेकून बसली होती. पांढरी साडी, ओठ सुकलेले, पोथी मांडीवर. मुंबईत त्याच वेळी तिच्या वर्गातल्या पोरी परीक्षानळ्या हातात घेऊन उभ्या असतील.

मग बसचा भोंगा वाजला. आमच्या आळीत बस शिरत नाही, पण तुमची शिरली आणि गणू वाण्याच्या पडवीचा कोपरा घेऊन थांबली. दार जुनं आहे, फटीतून सगळं ऐकू येतं. तुला सोयीचं जावं म्हणून सांगते, काय काय ऐकू आलं ते.

आधी डॉक्टरांनी कडी वाजवली. मग पुन्हा वाजवली. मग ते म्हणाले, “आतिथ्य हा भारतीय संस्कृतीचा प्राण आहे,” आणि असं समजले की दाराला ते पटेल. कुणीतरी हार आणला होता, तो कोमेजू नये म्हणून तुम्ही लोकांनी कडीला अडकवला. मग डॉक्टरांनी बंद दाराकडे तोंड करून भाषण केलं. पाव तास केलं. माझ्या आयुष्यात मी पुष्कळ भाषणं ऐकली, पण माझ्या घराला उद्देशून हे पहिलंच. एक आफ्रिकन पोरगा सावकाश इंग्रजीत म्हणाला, “सर, कदाचित त्यांना आज पाहुणे नको असतील.” डॉक्टर हसले. म्हणाले, “नॉन्सेन्स, हा त्यांचा आनंदाचा दिवस आहे.” एवढ्या गर्दीत अक्कल असलेला तो एक निघाला, आणि तो नैरोबीचा.

त्या वेळी आत जेरुशा उठली. तिने माझ्याकडे पाहिलं आणि कडीवर हात ठेवला. मी तिला अडवलं नाही, हे लक्षात ठेव. पोरीचं वर्ष त्या दाराबाहेर उभं होतं, सही करणारा हात तीन फुटांवर होता. तिने उघडलं असतं तर मी तोंडातून ब्र काढला नसता. देवाला मी सांगितलं असतं, पोर आहे.

तेवढ्यात सखूबाई आली. गव्हाणची आमची सखूबाई, जी तुझ्या आईला मीठ घालायची. ती बाजाराला निघाली होती. ती म्हणाली, “कशाला धडका देताव दाराला? आत हायत ती. आज त्यांचा दार लावायचा सन हाय, आज बोलनार नाय.” डॉक्टरांनी तिला बाजूला व्हायला सांगितलं. पण ती तुझ्याकडे बघत होती बहुतेक, कारण ती म्हणाली, “आरं, तू मनाशे पोष्टमनचा निसीम ना? तुला ठावं नाय व्हय? माज्या टोपलीशी बसून मीठ खाल्लंस तू, आमी वळखत नाय का तुला?”

मग डॉक्टर म्हणाले, “काय हो आपटे, तुम्हाला ओळखते ही बाई? तुमचं या लोकांशी काही नातं आहे का?”

आणि तू म्हणालास, “छे छे, साहेब. बाईंची काहीतरी गल्लत होतेय. माझी ओळख त्या विद्यार्थिनीपुरतीच. घरात कुणी नसावंसं दिसतं.”

तू कोण हे कुणाला सांगितलंस आणि कुणाला नाही, हा तुझा प्रश्न होता. लेटरहेडवरचा ‘कर’ छापखानेवाल्याने खाल्ला नव्हता, हे मला त्याच वेळी कळलं. बिचाऱ्याचे पैसे कापायला सांगितले होते मी.

जेरुशाने कडीवरचा हात काढला. ती परत येऊन बसली आणि पोथी उघडली. मी तिच्याकडे पाहिलं नाही, तिनेही माझ्याकडे नाही. दिवसभर ती रडली नाही, त्याचा मला जास्त त्रास झाला.

तुम्ही पायऱ्यांवर उभं राहून फोटो काढले ते ऐकलं. फराळाचे डबे आळीतल्या पोरांनी खाल्ले. चकली बरी होती म्हणे.

आज शिळा सण. सकाळी दार उघडलं तर पायरीवर तो नैरोबीचा मवांगी बसलेला. रात्री इथे कुठे झोपला विचारलं तर म्हणाला, बसमध्ये परत गेलो होतो, पहाटेच्या लाँचने एकटाच आलो, काल आम्ही वाईट वागलो ते सांगायला. समिती त्याची नव्हे, चूक त्याची नव्हे, आणि माफी तो मागतोय. त्याला सात पुऱ्या वाढल्या, त्याने सातही खाल्ल्या. मग तो आणि जेरुशा ओटीवर बराच वेळ प्रॅक्टिकलविषयी बोलत होते. ती उद्या पहिल्या लाँचने निघते आहे.

हार अजून कडीला आहे. तुमचा आहे, घेऊन जा.

रेबेका आत्या


अपरांत विद्यापीठ, मुंबई
दि. १२ ऑक्टोबर १९६०

ती. आत्यास सविनय शालोम.

तुझं पत्र वाचून फार दुःख झालं. माणूस हुद्द्यावर असला की त्याला काही गोष्टी जपाव्या लागतात, त्या बाहेरून कळत नाहीत. मी काही नाकारलं नाही, फक्त त्या जागी तो विषय वाढवला नाही. त्या बाईला भर रस्त्यात एवढं ओरडायचं काय कारण होतं?

तुला वाटतं तसं काही झालेलं नाही. समितीच्या बैठकीत पनवेल-भेटीचा अहवाल एकमताने मंजूर झाला. विद्यापीठाच्या मासिकात आपल्या दाराचा फोटो छापून आला आहे, हार घातलेल्या दाराचा. खाली ‘पनवेल येथील यहुदी कुटुंबात सणाचा आनंद लुटताना’ असं लिहिलं आहे. एक प्रत पाठवत आहे. पुढच्या वर्षापासून चौथी उपसमिती होईल, तिच्यावर अल्पसंख्याकांचा एक प्रतिनिधी घ्यावा असं ठरलं. मी जेरुशाचं नाव सुचवलं.

तिच्या प्रॅक्टिकलबद्दल मात्र मला खेद वाटतो. आम्ही शक्य ते सगळं केलं. पण निर्णय शेवटी परीक्षा विभागाचा, तिथे आमचं काही चालत नाही. इनॉककाकाला मी समजावून लिहीन. तेल अवीवला सायन्सच्या मुलींना फार मागणी आहे असं ऐकतो.

तुझा,
निसीम


पनवेल
२३ ऑक्टोबर १९६०

चि. निसीम यास आशीर्वाद. आशीर्वाद एवढ्यासाठी की आता रागही उरलेला नाही.

इनॉकला लिहू नकोस. लिहिण्यासारखं काही घडलेलं नाही. जेरुशाचं प्रॅक्टिकल झालं.

काय झालं ते ऐक. तो मवांगी मेमध्ये तापाने पडला होता आणि त्याचा पेपर चुकला होता. तो समितीकडे गेला. समितीने त्याला चहा पाजला. मग तो सरळ परीक्षा विभागाच्या खिडकीवर गेला आणि तिथल्या माणसाने त्याला दुसरी तारीख दिली. शिळ्या सणाला पुऱ्या खाता खाता त्याने हेच सांगितलं. सोमवारी जेरुशा त्याच खिडकीवर जाऊन उभी राहिली. आत काशिराम म्हणून हेडक्लार्क आहेत. त्यांनी म्हणे चष्म्यावरून पाहिलं आणि विचारलं, “सणाला घरी होतात? मग गुरुवारी राहिलेल्यांची बॅच आहे, त्यात बसा. पण बाई, आधी अर्ज का नाही दिलात?” ती म्हणाली, जुलैत दिला होता, समितीकडे. ते म्हणाले, “समितीकडून आमच्याकडे एकच कागद आला. बस पाहिजे म्हणून.”

विचाराधीन म्हणजे कुणाच्या, ते मी तुला सप्टेंबरातच विचारलं होतं. आता उत्तर मिळालं. तो अर्ज तुझ्या खिशाबाहेर कधी गेलाच नाही. गेला असता तर खाली तुझी शिफारस लागली असती, आणि एखाद्याने विचारलं असतं की या पोरीची एवढी काळजी आपटेसाहेबांना का? तुला जिची भीती वाटत होती ती विचारपूस एवढीच होती. काशिरामने काही विचारलं नाही, आणि तिला हवं ते पानाला चुना लावायच्या वेळात दिलं.

तिचं नाव उपसमितीवरून काढ. तिला वेळ नाही. ती, मवांगी आणि त्या सिलोनच्या मुलीने मिळून वसतिगृहाच्या दारात एक फळी लावली आहे. कुणाचा कुठला सण, कुणी मेसमध्ये काय खात नाही, कुणाला कुठल्या खिडकीवर जायचं, ते जो तो येऊन लिहितो. नागा टेकड्यांतला एक पोरगा वर्षभर नुसता भात खाऊन होता, ते त्या फळीवर कळलं. त्यांना बिल्ले नाहीत, अध्यक्षही नाही. त्यामुळे काम चाललंय.

मासिकाची प्रत मिळाली. फोटो छान आलाय. दार ओळखू येतं. पायरीवर उजवीकडून तिसरा उभा आहे तो कोण, ते सखूबाईने मला विचारलं. मी म्हटलं, ठाऊक नाही, कुणीतरी आपटे आहेत.

रेबेका आत्या


अपरांत विद्यापीठ, मुंबई
दि. ८ सप्टेंबर १९६१

ती. रेबेका आत्यास सविनय शालोम.

वर्षभर पत्र लिहिलं नाही. जेरुशाला हायस्कुलात जागा मिळाल्याचं तिच्याकडूनच कळलं.

एकच विचारायचं आहे. दरफाळणीसाठी १९ तारखेला, मंगळवारी, दार किती वाजता लागतं? संध्याकाळची लाँच पनवेलला उशिरा पोचते. रजेच्या अर्जात कारण म्हणून सणाचं नाव लिहिलं होतं. डॉ. वर्तकांनी बोलावून विचारलं, “आपटे, तुम्हाला कशाला ही रजा?” मी त्यांना सांगितलं. त्यांनी अर्ज पुन्हा एकदा वाचला. मग त्यांनी सही केली.

निसीम मनासे आपटेकर


पनवेल
११ सप्टेंबर १९६१

चि. निसीम यास आशीर्वाद.

दार सूर्य मावळताना लागतं. पनवेलला अजून तोच सूर्य आहे, समितीने बदललेला नाही. संध्याकाळच्या लाँचने आलास तर गेल्या वर्षीच्याच पायरीवर उभा राहशील, आणि गेल्या वर्षीसारखंच कुणी उघडणार नाही.

दुपारची धर.

रेबेका आत्या